परतीच्या वाटेवरचा बंदोबस्त

डोंबिवलीत विद्वानांचा तुटवडा कधीच नव्हता, आणि विद्वानांना श्रोत्यांचाही नाही. गेल्या हिवाळ्यात येथील एका व्याख्यानमालेत माझे एक वयोवृद्ध स्नेही, ज्यांच्या व्यासंगाविषयी मला नितांत आदर आहे आणि ज्यांच्या निष्कर्षांपाशी येताच तो आदर दरवेळी लटपटू लागतो, मुंबईतील प्राइड यात्रेवर घसरले. विषय तो नव्हता. परंतु ‘नागरिकांची कर्तव्ये’ या शीर्षकाखाली आपल्याकडे काहीही बोलता येते. त्यांचे प्रतिपादन असे की, ज्याला ज्याच्याशी संसार करावयाचा त्याने तो आपल्या घरात खुशाल करावा, २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्याला कोणाचा मज्जाव उरलेला नाही. परंतु भर रस्त्यात सप्तरंगी निशाणे नाचवून जमावाची नजर स्वतःवर ओढवून घ्यायची आणि वर सरकारकडे बंदोबस्त मागायचा, हा उघड विरोधाभास होय. ज्याला सुरक्षितता हवी त्याने उंबरठा ओलांडू नये. टाळ्या पडल्या.

त्या टाळ्या ज्या सभागृहात पडल्या तेथून फडके रोड दूर नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून, गणेश मंदिरात हात जोडून, या गावातील तरुण-तरुणी त्या रस्त्यावर लोटतात. ठाण्याची मंडळी राम मारुती रोडवर आणि तलावपाळीला जमतात. तेथे ती करतात काय? काही नाही. नटतात, पाहतात आणि पाहिली जातात. १९९९ साली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा याच गावाने सुरू केली आणि तिचे अनुकरण महाराष्ट्रभर झाले. त्या दिवशी वाहतूक वळवली जाते, चौकाचौकांत शिपाई उभे राहतात, आणि पाडवा देवघरात साजरा करता येत असताना रस्ता कशाला अडवता, असा प्रश्न एकाही व्याख्यात्याला सुचत नाही. स्वतःच्या आनंदाला रस्ता लागतो हे ज्या नगरीला वर्षातून दोनदा पटते, तिने तो सिद्धांत इतरांच्या बाबतीत विसरावा हे विस्मरण वार्धक्याचे नव्हे.

पण उंबरठ्याची गोष्ट निघाली आहे, तर उंबरठ्याआड काय घडते तेही पाहावे. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते, कवी होते. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री ते कोणत्याही मिरवणुकीत नव्हते. स्वतःच्या निवासस्थानी, बंद दाराआड, एका प्रौढ पुरुषाच्या सहवासात होते, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने आदल्या वर्षीच्या जुलैत दिलेल्या निकालाअन्वये तो गुन्हाही नव्हता. कॅमेरे घेऊन माणसे घरात घुसली. विद्यापीठाने घुसणाऱ्यांऐवजी घरात राहणाऱ्यालाच निलंबित केले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनास स्थगिती दिली, आणि त्यानंतर काही दिवसांतच, ७ एप्रिलला, भाड्याच्या खोलीत त्यांचा मृतदेह आढळला. माझ्या स्नेह्यांचा उपदेश या मराठी प्राध्यापकाने शब्दशः पाळला होता. बंद दार हे रक्षण असते ते आतल्या माणसाच्या बाजूने बाहेर कोणी उभे असेल तेव्हाच. एरवी, साक्षीदार नसलेली जागा, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावर निदान साक्षीदार असतात.

आता धोक्याविषयी. डोंबिवलीकराला धोका म्हणजे काय हे कोणी शिकवण्याची गरज नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जात असता दारात लोंबकळणारे प्रवासी खाली कोसळले, काहींचा प्राण गेला, आणि दुसऱ्या दिवशीही त्याच वेळच्या गाड्या तशाच भरून गेल्या. त्या प्रवाशांना उंबरठा न ओलांडण्याचा सल्ला कोणी दिल्याचे ऐकिवात नाही. पोटासाठी पत्करलेला धोका तेवढा सात्त्विक, आणि वर्षातील एका शनिवारी आनंदासाठी पत्करलेला धोका मात्र उच्छृंखल, हा विवेक कोणत्या धर्मशास्त्रात सांगितला आहे ते माझ्या स्नेह्यांनाच विचारले पाहिजे.

प्रतिपक्षाचा समाचार घेतला म्हणजे स्वपक्षाला सोडावे असे नाही. यात्रेच्या आधी हितचिंतकांकडून जी सूचनापत्रके फिरतात, ती सद्हेतूने लिहिलेली असतात यात शंका नाही. पाणी जवळ बाळगा, एकट्याने फिरू नका, ओळखपत्र विसरू नका, ११२ हा क्रमांक ध्यानात ठेवा, विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र काढू नका. शेवटची सूचना मला सर्वांत मोलाची वाटते, कारण वृत्तपत्रातील एका छायाचित्राने माणसाची नोकरी आणि घर एकाच सकाळी जाऊ शकते. २००८ च्या १६ ऑगस्टला ऑगस्ट क्रांती मैदानातून पहिली यात्रा निघाली त्या सुरुवातीच्या काळात मुखवटे बांधून चालणारे होते, ते काही हौसेखातर नव्हे. परंतु ही पत्रके वाचताना सारखे जाणवते की लिहिणारा टॅक्सीने जाणारा आहे. ओळखपत्र विसरू नका म्हणे! ज्या व्यक्तीच्या आधार कार्डावर एक नाव, एक लिंग आणि देहावर दुसरेच, तिला ओळखपत्र दाखवणे हीच चौकशीला आमंत्रणपत्रिका ठरते; जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र मिळवण्याची तरतूद २०२० च्या नियमांत आहे खरी, पण प्रमाणपत्र हाती येण्यापूर्वीही माणसाला लोकलमध्ये चढावेच लागते. आणि कोणत्या डब्यात? महिलांच्या डब्यात भुवया उंचावतात, सर्वसाधारण डब्यात हात पुढे येतात. ज्यांच्या आयुष्याची कैफियत तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीच्या २०१४ च्या नालसा निकालाच्या वेळी सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली गेली, त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी ठाण्याच्या आहेत; न्यायालयाला ठाण्याने एवढे दिले, आणि ठाण्याच्या फलाटावर हा प्रश्न अजून अनिर्णित आहे.

आमच्या इमारतीच्या मागल्या गल्लीत राहणारा एक मुलगा गेली काही वर्षे यात्रेला जातो. त्याने मला त्याच्या सॅकमधील सामान एकदा दाखवले: घडी केलेली साडी, झुमके, आरसा, ओल्या टिश्यूचे पाकीट आणि खोबरेल तेलाची लहान बाटली. जलद लोकलने दादर, पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, ग्रँट रोडला उतरून पायी, हा जाण्याचा मार्ग त्याला मुळीच अवघड वाटत नाही. तो साध्या शर्टात जातो. “काका, जाताना कोण बघतंय? येताना काजळ निघत नाही ना, ते वांधे करतं. टिश्यूने नुसतं पसरतं. तेल लावून ठाण्याच्या आत पुसायचं. दिव्याच्या पुढे सगळे ओळखीचेच असतात.” कोणत्याही सूचनापत्रकात खोबरेल तेलाचा उल्लेख मी वाचलेला नाही.

येथवर लिहून, बंदोबस्त हा नागरिकाचा हक्क आहे, तो रस्त्याबरोबर रेल्वेतही मिळावा, असा अर्ज सरकारदरबारी रुजू करून लेखणी खाली ठेवावी असा माझा मूळ बेत होता. पण बंदोबस्ताचा इतिहासच त्याच्या आड येतो. मिरवणुकीचा परवाना ज्या १९५१ च्या पोलीस अधिनियमाखाली मिळतो, त्याच अधिनियमाच्या कलम ११० मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाचा गुन्हा बसलेला आहे, आणि असभ्य काय ते ठरवणारी पहिली नजर गस्तीवरच्या शिपायाची. २०२० साली तर यात्रेस ऑगस्ट क्रांती मैदानाची परवानगीच नाकारली गेली. नागरिकत्व कायद्यावरून वातावरण तापले होते. लोक १ फेब्रुवारीला आझाद मैदानात जमले, तेथे काहींनी दिलेल्या घोषणांवरून एका विद्यार्थिनीसह ५१ जणांवर राजद्रोहाचा गुन्हा नोंदला गेला, आणि संयोजकांनी त्या घोषणांशी आपला संबंध नसल्याचे घाईघाईने जाहीर केले. म्हणजे भोवतीच्या जमावापासून वाचवणारे कडे कोणत्याही क्षणी आत वळू शकते. कायद्याची अवस्था याहून चमत्कारिक आहे. तृतीयपंथी व्यक्तीवर लैंगिक अत्याचार केल्यास २०१९ च्या कायद्याने शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे, आणि स्त्रीवरील बलात्कारास किमान दहा वर्षे; देहाचे मोल दफ्तरात असे लावलेले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जुन्या दंड संहितेतील कलम ३७७ ची जागा कोणत्याच कलमाने घेतली नाही, आणि प्रौढ पुरुषावर पुरुषाने केलेल्या बलात्काराला स्वतंत्र कलमच राहिले नाही. भेटीला बोलावून, चित्रफीत काढून पैसे उकळणाऱ्या टोळीविरुद्ध खंडणीचे कलम ३०८ आहे. पण फिर्याद द्यायची तर आपण त्या खोलीत कशाला गेलो होतो हे ठाणे अंमलदाराला सांगावे लागते, आणि टोळीचा सारा धंदा चालतो तो त्या संकोचावर.

मग रक्षण करतो कोण? येथे मला दोन घटना आठवतात, दोन्हींचा प्रारंभ १९२७ सालचा, आणि दोन्हींमध्ये एक माणूस समान.

पहिली सर्वांना ठाऊक आहे, पण तिचा उत्तरार्ध आपण भरभर वाचतो. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसे गेली, पाणी प्यायली, आणि शिस्तीने परतली. तळ्याच्या काठी काही घडले नाही. घडले ते नंतर. परिषद आटोपून लोक पांगू लागले, काही मांडवात जेवायला बसले, तेव्हा ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवली गेली, आणि एकएकटी, दोघेदोघे सापडतील तशी माणसे झोडपली गेली. आपापल्या गावी निघालेल्यांना वाटेत गाठले गेले. जातीचा जाच आणि येथील प्रश्न एकाच तागडीत मी तोलत नाही. चवदार तळ्यावर जे पाणी मागितले गेले ते जगण्याचे होते. परंतु हिंसेचे वेळापत्रक दोन्हीकडे एकच आहे. ती मिरवणुकीला भिते, आणि मिरवणूक विसर्जित होण्याची वाट पाहते. महाडात त्या दिवशी पळणाऱ्या काही जणांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. ती घरे परिषदेची निमंत्रक नव्हती, ठरावाची अनुमोदकही नव्हती. त्यांनी दार उघडले.

दुसरी घटना र. धों. कर्व्यांची, आणि या माणसाविषयी थोडे अधिक लिहिल्यास वाचकांनी क्षमा करावी, कारण त्यांच्याविषयी थोडे लिहिणे मला जमत नाही. विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी संततिनियमनाच्या पायी १९२५ साली सोडलेल्या या गृहस्थाने १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि १९५३ साली मृत्यूने हातातून लेखणी काढून घेईपर्यंत ते चालवले. कर्वे मिरवणुकीचे माणूस नव्हते. कोरडे, हेकट, भावनेचा गंध नसलेले. त्यांना प्राइड यात्रेला नेले असते तर ढोल-ताशाच्या आवाजाने आरोग्यावर होणाऱ्या परिणामांवर त्यांनी पुढच्या अंकात टिपण लिहिले असते. पण वाचकांनी हस्तमैथुनाविषयी, समलिंगी संबंधांविषयी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी छापील, सरळ उत्तरे दिली, आणि १९३४ साली अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांना न्यायालयात उभे राहावे लागले. त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. लैंगिक विषयाला वाहिलेल्या नियतकालिकात त्याच विषयावरील शंकेचे निरसन होणे यात अश्लील ते काय, असा त्यांच्या बचावाचा रोख होता. खटल्यात हार झाली, दंड २०० रुपये.

खटल्याच्या निकालापेक्षा मला त्यातील माणसांची मांडणी विलक्षण वाटते. प्रश्न विचारणारे वाचक पिंजऱ्यात नव्हते. पिंजऱ्यात होते ते कर्वे, ज्यांचा तो प्रश्न नव्हता. आणि त्यांच्या बाजूने उभे होते ते आंबेडकर, ज्यांना त्या काळी आपल्या कामांचा डोंगर उपसायचा होता आणि असल्या बदनाम खटल्यातून मिळवण्यासारखे काहीही नव्हते. धोका प्रश्नकर्त्याच्या अंगावरून उतरवून, ज्यांना तो झेपणार होता त्यांनी आपल्या अंगावर घेतला. आज आपली सारी सूचनापत्रके, सभ्यपणाचे सारे उपदेश, धोका आहे त्याच्याच अंगावर कसा नीट नेसवावा याचे मार्गदर्शन करतात. पाणी त्याने न्यायचे, तेल त्याने न्यायचे, वेळेत त्याने परतायचे. आणि आपण, ज्यांना फलाटावर कोणी हटकत नाही, ज्यांचे नाव आणि चेहरा एकमेकांशी जुळतात, ते व्याख्यानाला जाणार.

म्हणून अर्ज मी आता सरकारकडे करीत नाही; पोलिसांकडे तो करणारे समर्थ लोक आहेत, त्यांनी करावाच. माझे मागणे डोंबिवली, कल्याण आणि ठाण्याच्या अशा गृहस्थांकडे आहे ज्यांना प्राइड यात्रा मुळीच आवडत नाही. त्यांनी निशाण धरू नये, ढोलावर नाचू नये. त्या शनिवारी संध्याकाळनंतर स्थानकापासून रिक्षाच्या रांगेपर्यंत चारदोन जणांनी उभे राहावे, कोणी कोणाची छेड काढू लागले तर नुसते जवळ जाऊन “काय चाललंय?” एवढे, आपल्या नेहमीच्या सोसायटीच्या सभेतल्या आवाजात, विचारावे. घर जवळ असेल तर बेसिन आणि साबण वापरू द्यावा. एखाद्याच्या घरून “आता येऊ नकोस” असा फोन आलाच, तर सतरंजी टाकावी आणि सकाळी त्याच्या वडिलांना आपण फोन करावा. वडील त्याचा फोन घेणार नाहीत, आपला घेतील.

हेच मी माझ्या स्नेह्यांना पत्राने लिहिले, कारण त्यांचे घर स्थानकापासून चालत सात मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर आहे, आणि शेवटची लोकल येईपर्यंत ते वाचीत जागे असतात. त्यांचे उत्तर आले आहे. विरोधाभासाविषयी त्यात अवाक्षर नाही. एकूण किती मुले येण्याचा संभव आहे, त्यांना जेवण लागेल की चहा पुरेल, आणि रात्री जिन्यात सोसायटीचे चिटणीस भेटले तर त्यांना काय सांगावे, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. पहिल्या दोहोंची उत्तरे मी कळवली. चिटणिसांचे काय करायचे यासाठी येत्या रविवारी भेटायचे ठरले आहे.