झाडें राखण्याचें मोल

घोडबंदर रस्त्याच्या एका अंगास येऊरचा डोंगर व दुसऱ्या अंगास खाडी आहे. मध्यें आतां उंच इमारती उभ्या आहेत. त्या खाडीकांठीं ज्याचीं वडिलोपार्जित खाचरें आहेत अशा एका बंधूनें आम्हांस विचारिलें आहे तें असें: "बांध फुटून खारें पाणी शेतांत आलें व तिवरें वाढलीं. तीं तोडूं नयेत असा मुंबई उच्च न्यायालयाचा हुकूम 2005 सालीं झाला व 2018 च्या निकालानें तो कायम झाला. जमीन खाजगी असली तरी सुटका नाहीं. राखण्याबद्दल मला दमडीहि मिळत नाहीं. मुरबाडकडील माझ्या मेहुण्यास मात्र आंब्याचीं कलमें लाविल्याबद्दल सरकार पैसे देतें. हा न्याय काय?"

मेहुण्याचे पैसे कशाचे, तें प्रथम पाहूं. 2018 सालीं निघालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेंत अनुदान तीन वर्षांत 50, 30 व 20 टक्के असें वांटून देतात, आणि पुढचे हप्ते झाडें जगलीं तरच. सात-बारा स्वतःच्या नांवें हवा. त्यावर कुळाचें नांव असल्यास कुळाची संमति लागते. हें पुण्याचें बक्षीस नव्हे. कलमास फळ येईपर्यंत घरांत खाणारीं तोंडें थांबत नाहींत, आणि वरकस उतारावर झाडानें धरिलेली माती खालच्या शेजाऱ्याच्याहि कामीं येते. म्हणून खर्चाचा भार सर्वांनीं वांटून घेतला. या सर्वांत भूमिहीन मजूरहि आला, कारण साबण विकत घेतांना तोहि कर भरतो. ज्यानें खड्डे खणिले त्याची मजुरी अनुदान येईपर्यंत अडवून ठेवणारा धनी त्याच्याच पैशांवर त्यास उपाशी ठेवितो. आमच्या मंडळ्यांतहि हें घडतें, हें लिहितांना लाज वाटते.

बंधूनें आणखी एक गोष्ट हळूच कळविली आहे. पाहणीच्या आदल्या दिवशीं मेलेल्या कलमांच्या आळ्यांत नुसत्या फांद्या खोंविल्या गेल्या, व साक्षीदार म्हणून सही करण्यास उपदेशकास बोलाविलें. नांग्या भरणें ही शेतीच आहे; तिचा खर्च योजनेंतहि धरिला आहे. पावसांत मुळांसकट रोप लावून तसें सांगावें, त्यांत दोष नाहीं. बिनमुळाची फांदी ही मात्र खोटी साक्ष, आणि ती नवव्या आज्ञेखालीं येते. उपदेशकानें सही नाकारली. त्यापायीं त्याचा त्या घराशीं अबोला झाला, याचें आम्हांस वाईट वाटतें. तरी त्यानें केलें तें योग्यच.

आतां तिवरांकडे वळूं. तीं भरतीचा मारा अडवितात. कोळ्यांची मासळी व खेकडे त्यांच्या मुळांत वाढतात. लाभ सर्वांस व बोजा एकट्यावर, ही बंधूची तक्रार आम्हांस खरी वाटते. जाळें कापून कासवासारखा संरक्षित जीव सोडणाऱ्या कोळ्यास राज्यानें 2018 सालापासून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई ठरविली. मग तिवरें राखणाऱ्यासच कां वगळावें? असा अर्ज त्यानें अवश्य करावा, व उपदेशकानें तो नीट लिहून द्यावा. परंतु मोबदला नाहीं म्हणून रात्रीं भराव टाकूं देणें आम्हांस मान्य नाहीं. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायांत शेताचा कोपरा गरिबासाठीं न कापतां ठेवावयाचा होता, तेव्हां त्या कोपऱ्याची भरपाई कोणी देत नव्हतें, आणि ती मिळत नाहीं म्हणून कोपरा कापण्याची मोकळीकहि नव्हती. बंधूचा कोपरा फार मोठा आहे, हें खरें. त्याचें सगळें खाचरच गेलें आहे. त्याच्या अर्जावर मंडळीच्या पंचांनींहि सह्या कराव्या, अशी आमची विनंति आहे.