नित्यपाठ आणि निवाडा

लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात लोकसमुदायातून एक मनुष्य पुढे येतो आणि वडिलोपार्जित मिळकतीतील आपला हिस्सा भावाने आपल्याला द्यावा, एवढे त्याला सांगा, अशी विनंती येशूला करतो. अर्ज साधा, व्यवहारातला आणि बहुधा न्याय्यही आहे. सातबाऱ्यावरील नावांवरून ज्याच्या घरात कधी तंटा झाला असेल, त्याला त्या मनुष्याची तळमळ समजावून सांगण्याची गरज पडू नये. परंतु येशू या प्रकरणात न्यायाधीश म्हणून बसण्याचे साफ नाकारतो, जमलेल्यांना लोभाविषयी सावध करतो, आणि जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत करीत असतानाच त्या रात्री मरण ओढवलेल्या एका धनवानाचा दृष्टांत सांगू लागतो. मागणाऱ्याला निवाडा हवा होता. मिळाली ती त्याच्या स्वतःच्या मनाची झडती. पुढे भावाने हिस्सा दिला की नाही, हे लूकने लिहून ठेवलेले नाही.

रोजच्या आयुष्यात मार्गदर्शन लाभावे म्हणून नित्य बायबलवाचन व प्रार्थना करावी, हा उपदेश शब्बाथशाळेपासून ऐकत आलेल्या वाचकाने हा प्रसंग एकदा सावकाश वाचावा, असे आम्हांस वाटते. कारण त्या उपदेशाचा जो अर्थ सर्रास घेतला जातो, तो या प्रसंगाशी मुळीच जुळत नाही. मुलीचे स्थळ पसंत करावे की नाही, बदली पत्करावी की राजीनामा द्यावा, भावावर दावा लावावा की गप्प बसावे, असा पेच पडला म्हणजे डोळे मिटून प्रार्थना करावी, पवित्र शास्त्र मध्येच कोठेतरी उघडावे, आणि ज्या वचनावर दृष्टी पडेल तो परमेश्वराचा हुकूम समजावा, असा तो अर्थ आहे. कोकणात देवाला कौल लावताना मूर्तीला चिकटवलेली कळी उजवीकडची पडली की डावीकडची, हे पाहतात. शास्त्र उघडून वचन पाहणाऱ्याची क्रिया तत्त्वतः याहून निराळी नाही, आणि तोच गृहस्थ पुष्कळदा शेजाऱ्याच्या कौलाला अंधश्रद्धा म्हणून नावे ठेवीत असतो.

या वहिवाटीला थोरांचा आधारच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. इ. स. ३८६ मध्ये मिलान येथील एका बागेत ऑगस्टीनने, 'उचल आणि वाच' असे सांगणारा बालकाचा आवाज ऐकून, पौलाचे रोमकरांस पत्र उघडले आणि समोर आलेल्या वचनाने त्याच्या आयुष्याची दिशा पालटली, हा दाखला नेहमी दिला जातो. पण तो देणारे दोन गोष्टी सांगावयास विसरतात. त्या दिवशी ऑगस्टीन पौलाची पत्रे प्रथमच हाताळीत नव्हता. ती तो आधीपासून मोठ्या आस्थेने वाचत होता, आणि ज्या विषयावर ते वचन बोलले त्या विषयाशी त्याची झुंज कित्येक वर्षांची होती. शिवाय पुढे बिशप झाल्यावर त्यानेच एका पत्रात शुभवर्तमानाच्या पानांवरून शकुन पाहणाऱ्यांविषयी अभिप्राय दिला, की पिशाच्चांना विचारावयास जाण्यापेक्षा हे बरे असले, तरी ऐहिक कामकाजासाठी देववाणी राबवण्याची ही चाल आपल्याला पसंत नाही. ५०६ मध्ये आग्द येथील धर्मसभेने तर असे शकुन पाहण्यास बंदीच केली.

आता वाटणीचेच प्रकरण घेऊन पाहू. आमच्याकडे वडील वारल्यावर बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, आणि ते ठेवणारा भाऊ देवभीरू असेल तर उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायातील अब्रामाचे उदाहरणही त्या कागदासोबत येते: गुराख्यांचे भांडण मिटावे म्हणून अब्रामाने लोटाला आधी जमीन निवडू दिली आणि उरली ती आपण घेतली. उदाहरण खरे आहे. फक्त ते ज्याने स्वतःला लावावयाचे तो ते बहिणीला लावतो. याच शास्त्रात, गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात, पुत्र नसलेल्या सलाफहादाच्या पाच मुली मोशे, याजक व सरदार यांच्यासमोर उभ्या राहून बापाचे वतन मागतात, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे असा निर्णय परमेश्वर देतो. ईयोबाच्या शेवटच्या अध्यायात तर भाऊ असूनही मुलींना त्यांच्या बरोबरीने वतन मिळाल्याची नोंद आहे; पण मधल्या अध्यायांतील वादविवादाला कंटाळून पुस्तक मिटणाऱ्यांच्या दृष्टीस ती कशी पडावी? वडिलार्जित द्राक्षमळा राजालाही न देणारा नाबोथ लोभी नव्हता, आणि तो बळकावणारा अहाब स्वतःला वंचित समजून अंथरुणावर तोंड फिरवून पडला होता, हेही याच शास्त्रात लिहिले आहे.

एवढ्या सगळ्यांतून त्या बहिणीने काय करावे, याचा लेखी हुकूम निघत नाही. परंतु हे सगळे वर्षानुवर्षे, क्रमाने, नावडते भाग न गाळता वाचलेल्या बाईला अब्रामाचे नाव घेऊन कोणी गप्प बसवू शकत नाही, आणि हक्क मागताना लूकमधला तो मनुष्यही तिच्या मनासमोर उभा असतो. मार्गदर्शन म्हणून जे काही आहे, ते आमच्या समजुतीप्रमाणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडण्यात आहे. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करण्याचे जे प्रचंड काम अंगावर घेतले, त्यामागेही सामान्य स्त्रीला ग्रंथ स्वतः वाचता यावा हीच दृष्टी होती. केडगावच्या मुक्ति मिशनच्या छापखान्यात तेथल्याच स्त्रियांनी खिळे जुळवून तो छापला. १९२२ मध्ये रमाबाई निवर्तल्या आणि १९२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

क्रमवार वाचनाचा हिशेब फारसा जड नाही. प्रॉटेस्टंट बायबलात अध्याय ११८९, म्हणजे वर्षभरात संपवावयाचे तर रोजचे तीन-साडेतीन झाले. रॉबर्ट मॅक्चेन या स्कॉटिश पाळकाने १८४२ मध्ये डंडी येथील आपल्या मंडळीला याहून थोडा अधिक पाठ नेमून दिला, आणि मौज अशी की तो देतानाच त्याने नेमाचे धोकेही सांगून टाकले: वाचन यांत्रिक होईल, नेम पाळला म्हणून अहंकार चढेल, घाईत अर्थ निसटेल. आमच्या मंडळ्यांतून वाचनाची कोष्टके वाटताना हे धोके सहसा सांगितले जात नाहीत.

प्रार्थनेविषयी आम्हांस सर्वांत विश्वासार्ह वाटतो तो नहेम्या. हा शूशनच्या इराणी दरबारातला प्यालेबरदार. यरुशलेमेचा तट पडल्याची वार्ता त्याला किसलेव महिन्यात कळली. बादशहाने त्याचा उतरलेला चेहरा पाहून कारण विचारले ते नीसान महिन्यात. मधल्या चारेक महिन्यांत त्याने उपास केले, प्रार्थना केली. आणि प्रत्यक्ष दरबारात 'तुझी मागणी काय' हा प्रश्न व त्याचे उत्तर यांच्यामधल्या क्षणात मनातल्या मनात पुन्हा एकदा केली. मग तोंडातून काय निघाले? किती मुदत लागेल ते. नदीपलीकडच्या सुभेदारांच्या नावाने परवाने. आणि वेशींच्या तुळयांसाठी शाही वनाचा रखवालदार आसाफ याच्यावर लाकडाची चिठ्ठी. ज्याला लाकडाच्या चिठ्ठीपर्यंत सर्व तजवीज ठाऊक आहे, त्याने ते चार महिने केवळ डोळे मिटून काढले नसावेत. यरुशलेमेस पोहोचल्यावरही तिसऱ्या दिवसानंतर रात्री थोडी माणसे घेऊन त्याने तटाची स्वतः पाहणी केली. आकाशवाणी झाल्याचे तो कोठेही सांगत नाही. देवाने आपल्या मनात घातले, एवढेच म्हणतो.

यावर एक आक्षेप असा, की एखादे वचन नेमक्या घडीला नेमक्या माणसाशी बोलते, हा अनुभव मग खोटाच का मानावयाचा? आम्ही तो खोटा मानीत नाही. १९३९ च्या जून महिन्यात डीट्रिख बोनहोफर हा जर्मन पाळक न्यूयॉर्कमध्ये होता. हिटलरच्या राज्यापासून आणि येऊ घातलेल्या युद्धापासून त्याला दूर ठेवावे म्हणून स्नेह्यांनी ही व्यवस्था केली होती. तेथे राहण्याचे त्याने २० जूनलाच नाकारले, आणि आपल्या निर्णयामागील खरे हेतू आपल्यालाच स्पष्ट दिसत नाहीत, अशी कबुली रोजनिशीत दिली. २६ जूनला त्याच्या वाचनात तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवट आला: बंदिवान पौल त्रोवसात राहिलेला आपला झगा व पुस्तके मागवतो आणि हिवाळ्यापूर्वी येऊन पोहोच, अशी तीमथ्याला विनवणी करतो. हे आपल्यालाच सांगितले आहे असे मानणे म्हणजे शास्त्राचा दुरुपयोग नव्हे, असे बोनहोफरने त्या दिवशी लिहिले. वचन आले ते निर्णयानंतर सहा दिवसांनी. कौल मागण्यासारखे तेव्हा काही उरले नव्हते. जुलैत तो परतला, आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये फ्लोसेनबुर्ग येथे त्याला फाशी देण्यात आली. परतण्यापूर्वी अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ राइनहोल्ड नीबूर यांना लिहिलेल्या पत्राचा जो भाग प्रसिद्ध आहे, त्यात पौलाच्या झग्याचा वा हिवाळ्याचा उल्लेख नाही. स्वदेशातील ख्रिस्ती लोकांबरोबर हा काळ सोसला नाही, तर युद्धानंतर त्यांच्या जीवनाच्या पुनर्बांधणीत भाग घेण्याचा आपल्याला हक्क राहणार नाही, हे कारण त्याने तेथे दिले आहे.