कर्म मुखत्याराचे, फळ कोणाचे?

पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रेलरांची जी रांग रात्रंदिवस चालू असते, ती पाहणाऱ्यास असे वाटणे स्वाभाविक आहे की, एवढा माल हलविणारी कोणी एक प्रचंड पेढी असली पाहिजे आणि तिच्या गादीवर बसून कोणी एक धनी हुकूम सोडीत असला पाहिजे. वस्तुतः तशी पेढीही नाही आणि तसा धनीही नाही. न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झाले, आणि तेथे उतरणाऱ्या कंटेनरभोवती आयातदार, जहाज कंपनी, टर्मिनल, कस्टम खाते, कस्टम ब्रोकर, यार्डवाले, बँक आणि वाहतूकदार अशी मंडळी तेवढ्या कामापुरती जमते, व माल कळंबोलीच्या लोखंड बाजारात किंवा तळोज्याच्या कारखान्यात पोहोचला की पांगते.

या अशरीरी उद्योगाला देह देते ती सामायिक संदेशव्यवस्था. पूर्वी ब्रोकरचा माणूस दस्तऐवजांची चळत घेऊन या मेजावरून त्या मेजाकडे हिंडे. आता आयात मालाचे बिल ऑफ एंट्री कस्टम खात्याच्या ‘आइसगेट’ या पोर्टलवरून दाखल होते, कोणता माल उघडून पाहावा आणि कोणता तसाच सोडावा याची निवड 2005 पासून वापरात आलेली जोखीम-व्यवस्थापन प्रणाली करते, आणि 2020 मध्ये देशभर लागू झालेल्या चेहराविरहित आकारणीमुळे न्हावा-शेव्याच्या मालावरील शुल्क दूरच्या शहरातला, ज्याचे तोंडही कोणी पाहिलेले नाही असा अधिकारी तपासू शकतो. पुढची पायरी संशोधकांनी फार आधीच कल्पिली होती: रीड स्मिथ यांनी 1980 मध्ये मांडलेल्या ‘काँट्रॅक्ट नेट’ पद्धतीत एक प्रोग्राम काम पुकारतो, इतर प्रोग्राम त्यावर बोली लावतात, आणि मनुष्य मध्ये न पडता ठेका कोणाला द्यायचा ते ठरते. असे प्रोग्राम मुखत्यार बनून आपापल्या धन्यांच्या वतीने परस्पर सौदे करू लागले म्हणजे त्या कर्माचा कर्ता कोणाला म्हणावे, हा प्रश्न केवळ व्यापाराचा राहत नाही. तो धर्मजिज्ञासेचा होतो.

नैयायिकांनी कर्तृत्वासाठी ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न या तिन्हींची अपेक्षा ठेवली आहे. या कसोटीवर प्रोग्राम उतरत नाही, कारण त्याच्या ठायी निवड असली तरी इच्छा नाही. त्याला निव्वळ करण, म्हणजे साधन, म्हणून सोडून द्यावे, तर कुऱ्हाड कोणते झाड तोडायचे हे ठरवीत नाही, आणि हा मात्र ठरवितो. इच्छेवाचून निवड करणारे हे साधन आपल्या परंपरेच्या चौकटीत बसवायचे कोठे?

माझ्या मते याचे सर्वांत नेमके उत्तर पूर्वमीमांसेत सापडते, कारण मीमांसकांपुढे नेमका हाच पेच होता. सोमयागात सोळा ऋत्विज राबतात. अध्वर्यू आहुती देतो, होता ऋचा म्हणतो, उद्गाता साम गातो, प्रैष नावाच्या आज्ञावचनांनी एकाने दुसऱ्यास कामाला लावायचे असते, आणि ब्रह्मा नावाचा ऋत्विज बहुधा मौन धरून सर्वांवर नजर ठेवतो व चूक झाल्यास प्रायश्चित्त करवितो. एवढे सारे इतरांनी केले तरी फळ मात्र यजमानाचे, असा मीमांसेचा निर्णय आहे, कारण दक्षिणा देऊन त्यांना कर्मास प्रवृत्त करणारा तो. मात्र संकल्प आणि द्रव्यत्याग त्याने स्वतःच करायचा असतो, तेथे मुखत्यार चालत नाही.

आपला कायदाही याच वाटेने गेलेला आहे. 1872 च्या करार कायद्याच्या 184 व्या कलमाप्रमाणे त्रयस्थाशी व्यवहार करण्यापुरता कोणीही मुखत्यार होऊ शकतो, परंतु जो सज्ञान व स्वस्थचित्त नाही तो धन्याला जबाबदार ठरत नाही. आणि 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 11 वे कलम सांगते की, आपोआप चालावी म्हणून ज्याने किंवा ज्याच्या वतीने यंत्रणा सिद्ध केली, तिने धाडलेला संदेश त्याचाच समजावा.

परंतु येथे यजमान एक नसून अनेक आहेत, आणि खरी अडचण तीच आहे. 27 जून 2017 रोजी युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर ठप्प केली आणि तिच्याच समूहाकडून चालविले जाणारे न्हावा-शेव्याचे एक टर्मिनल बंद पडले. कीवमधल्या हिशेबनिसाचा आणि पनवेलच्या वाहतूकदाराचा कोणताही करार नव्हता; तरीही एकाच्या दप्तरातली कीड दुसऱ्याच्या गाडीचे चाक थांबवून गेली. अशा वेळी प्रत्येक जण आपला अखत्यार मोजून दाखवितो, आणि सर्वांचे हिस्से बाजूला काढल्यावर जबाबदारीपैकी काहीच शिल्लक उरत नाही.

मीमांसकांनी याही प्रसंगाचा विचार ‘सत्र’ नामक यागाच्या निमित्ताने केला. सत्रात किमान सतरा जण एकत्र येतात, सर्वच यजमान व सर्वच ऋत्विज असतात, म्हणून दक्षिणाही नसते. आणि निर्णय असा की, फळ सतरा ठिकाणी विभागले जात नाही, प्रत्येकाला ते संपूर्ण लाभते. मध्येच एखादा मरण पावला, तर त्याच्या जागी बसविलेला प्रतिनिधी संख्या पुरी करतो, कर्मही करतो, परंतु स्वामी होत नाही. आपल्या प्रोग्रामरूपी मुखत्याराची पायरी तीच. आणि जो न्याय पुण्याला, तोच दोषाला लावावयास नको काय?

यावर कोणी म्हणेल की, एका ट्रेलरच्या मालकाने साऱ्या बंदराचा भार वाहावा हा अन्याय आहे. नुकसानभरपाईपुरते ते खरे आहे. पैशाची वाटणी करारनाम्याप्रमाणे व्हावी आणि न्यायालयाने ती करावी. परंतु ‘हे माझ्या नावाने चालले आहे’ ही जाणीव पैशासारखी वाटता येत नाही. ती प्रत्येकाजवळ पूर्ण असते किंवा मुळीच नसते.

म्हणून आपल्या वतीने सौदे करणारा प्रोग्राम नेमणाऱ्या प्रत्येक पेढीने, मग ती जहाज कंपनी असो की दोन ट्रेलरांचा धनी, त्याला दिलेल्या अधिकाराची मर्यादा स्वतः लिहून द्यावी, आणि चूक दिसताच काम थांबविण्याचा अधिकार असलेला एक माणूस त्याच्यावर नेमावा. ज्याला एवढेही करावयाचे नसेल, त्याने त्या व्यवहाराचा नफा घेऊ नये.