कायकाला परीक्षा कशाला?

बसवकल्याणच्या परिसरात प्रमाणपत्राकडे संशयाने पाहिले गेले तर त्याला कारण आहे. बाराव्या शतकात इथे बसवण्णांनी कायकाला, म्हणजे प्रामाणिक श्रमाला, पूजेचे मोल दिले. मडिवाळ माचय्या परीट आणि मेदार केतय्या बुरूड शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या सहकारी भक्तांच्या, एकाच पंक्तीत बसले. मग चष्म्याचा नंबर काढणाऱ्याला चार वर्षांचा बी.ऑप्टम हा पदवी अभ्यासक्रम कशाला? त्यावर कॉन्टॅक्ट लेन्स, बालदृष्टी, लो व्हिजन अशा शाखांची वेगळी प्रमाणपत्रे कशाला? जन्माची उतरंड मोडून पदव्यांची रचायची का? आक्षेप वजनदार आहे. पण शरणांच्या चर्चासभेच्या, अनुभव मंटपाच्याच परंपरेत त्याचे उत्तर आहे. शरणांच्या संवादांच्या शून्यसंपादने या ग्रंथात शरणी अक्कमहादेवी कल्याणला येते तेव्हा सभेचे प्रमुख अल्लमप्रभू सर्वांसमोर तिला प्रश्नांमागून प्रश्न विचारतात. समता म्हणजे परीक्षा नसणे नव्हे. परीक्षेचे दार कोणालाही बंद नसणे.

डोळ्यांच्या कामात तर परीक्षा अधिकच लागते. कपड्यावर राहिलेला डाग गिऱ्हाइकाला दिसतो. काचबिंदू मात्र बहुधा दुखल्याखुपल्याविना नजर खातो. एका डोळ्याने अंधुक पाहणारे मूल तक्रार करत नाही, कारण त्याने जग तसेच पाहिलेले असते, आणि आळशी डोळ्यावर उपचाराची खरी संधी बालपणातच असते. ज्याला चूक ओळखता येत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी आधी पारख केलेली हवी. आपल्याकडे ऑप्टोमेट्रीचे, म्हणजे दृष्टितपासणीचे, शिक्षण 1958 मध्ये हैदराबाद आणि अलीगढला सुरू झाले. देशव्यापी नोंदणीचा कायदा 2021 मध्ये आला. कर्नाटकातल्या औरादहून महाराष्ट्रातल्या उदगीरला जाणाऱ्या रुग्णासाठी त्यातली केंद्रीय नोंदवही मोलाची आहे, कारण राज्याची सीमा ओलांडली तरी पात्रतेचा अर्थ बदलू नये.

अनुभवी हाताला कागद कशाला, असेही विचारतात. अनुभव खरा असेल तर तो परीक्षेत दिसेल. तशी संधी जुन्या माणसांना मिळायलाच हवी. खेड्यात तज्ज्ञ कमी आहेत, हेही खरे. तिथे शिक्षकाने किंवा आशाताईने तक्ता लावून प्राथमिक चाचणी जरूर करावी, फक्त तिला संपूर्ण तपासणी म्हणू नये. सांडलेले तांदूळ वेचणाऱ्या आयदक्की मारय्या या शरणाने गरजेपेक्षा जास्त तांदूळ आणले तेव्हा त्याच्या पत्नीने, लक्कम्माने, ते परत टाकायला लावले, अशी कथा आहे. विशेषज्ञतेच्या प्रमाणपत्राचे मोल मला इथे दिसते: आपला वाटा कुठे संपतो आणि रुग्णाला पुढे कधी पाठवायचे, हे ते बजावते. म्हणून बीदर-कलबुर्गीतल्या पालकांनी मुलाचे डोळे तपासून घेताना तपासणाऱ्याची पात्रता निःसंकोच विचारावी. त्यात कोणाच्याही कायकाचा अपमान नाही.