परक्या जागेवरचे घर

दुसऱ्याच्या जागेवर घर बांधणाऱ्याचा त्या जागेवर काही हक्क निर्माण होतो काय? कायद्याला विचारले, तर तो करारपत्र पाहून उत्तर देईल. परंतु मालकाने स्वतःच हाक देऊन माणसांना बोलावले असेल आणि त्यांच्या वस्तीमुळेच त्याच्या माळरानाला मोल आले असेल, तर 'जागा माझी, उद्या निघा' असे म्हणण्याचा नैतिक अधिकार त्याला उरतो काय, याचा विचार आपण करावयास हवा.

संगणकाच्या जगात हा प्रश्न आज ठळकपणे उभा आहे. आपल्या घरांतील कित्येक मुले मोबाइलवरील अ‍ॅप तयार करतात. ती ग्राहकाच्या हाती जातात बहुधा गूगल वा अ‍ॅपल यांच्या दुकानांतूनच, आणि तेथील नियम व शुल्क दुकानाचा मालक ठरवतो. पैसे घेण्याची आपलीच पद्धत सक्तीची केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात २०२५ मध्ये तो २१६.६९ कोटींवर आला. मार्च २०२४ मध्ये शुल्काच्या वादातून गूगलने नोकरी शोधून देणारी, विवाह जुळवणारी काही भारतीय अ‍ॅप दुकानातून काढून टाकली. सरकारच्या मध्यस्थीनंतर ती काही दिवसांत परत आली खरी. पण वर्षानुवर्षांचा व्यवसाय एका दिवसात दिसेनासा होऊ शकतो, हे साऱ्यांना कळून चुकले.

आम्हां वर्धेकरांना ही गोष्ट अनोळखी नाही. आमच्या काळ्या मातीत ती आधीच घडून गेली आहे. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीच्या लागवडीस देशात परवानगी मिळाली. बोंडअळीला मारक ठरणारे तंत्र मोन्सँटो या अमेरिकन कंपनीचे; महिको-मोन्सँटो बायोटेक ही कंपनी ते भारतीय बियाणे कंपन्यांना परवान्याने देई, आणि त्या कंपन्या आपापल्या संकरित वाणांत ते उतरवून पाकिटे विकत. पाया एकाचा, घर दुसऱ्याचे, आणि त्या घरात राहणारा तिसरा : हिंगणघाट-देवळीकडचा कोरडवाहू शेतकरी. संकरित वाणाचे घरचे बी पुढल्या वर्षी तसेच पीक देत नाही. म्हणून दर मृगाला कृषी केंद्राची पायरी चढणे त्याला चुकत नाही.

पाकिटामागे पायाच्या मालकाचा हिस्सा किती, यावरून भांडण जुंपले. नोव्हेंबर २०१५ मध्ये नुझिवीडू सीड्स या मोठ्या कंपनीचा परवाना रद्द झाला. २०१६ पासून केंद्र सरकार किंमत ठरवू लागले. त्या वर्षी ४९ रुपये असलेला हा हिस्सा २०२० मध्ये शून्यावर आला. पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये उभय पक्षांनी तडजोड केली. दरम्यान २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशी पोखरून काढली. तिच्यावर ते तंत्र आता चालत नव्हते. पाया खचला, त्याची झळ सर्वांत अधिक बसली ती तिसऱ्याला, आणि तडजोडीच्या कागदावर त्याची सही नव्हती.

मालकाची बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. संशोधनास वर्षे लागतात, पैसा लागतो. पायाचे मोल न देता घर बांधू पाहणारा हाही अन्यायच करतो.

याच वर्ध्यात एक निराळी वाटही चोखाळली गेली होती. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीत चाले, जे. सी. कुमारप्पा हे ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञ त्याचे चिटणीस होते. तेथे झवेरभाई पटेल यांनी तेलघाणीत सुधारणा केली आणि ती 'वर्धा घाणी' म्हणून नावाजली. एकदा ती गावात बसली, की ती त्या तेल्याची झाली. वर्ध्यात बसून ती कोणी बंद करू शकत नसे.

प्रत्येक वस्तू घाणीसारखी देऊन टाकता येणार नाही, हे खरे. अ‍ॅपच्या दुकानाची रोज राखण करावी लागते. म्हणूनच १९३६ पासून सेवाग्रामात राहिलेल्या गांधीजींचा विश्वस्तवृत्तीचा विचार येथे उपयोगी पडतो : मालकी राहो, पण ती विश्वस्ताची असो. अशा मालकाने नियम आधी सांगावेत व ते स्वतःलाही लावावेत. आपला वाटा वाजवी ठेवावा. वाद झाला तर बांधणाऱ्याला बिऱ्हाड हलवण्यास पुरेसा अवधी द्यावा. आणि पाया खचू लागल्याचे प्रथम त्याला कळत असल्याने, ते शेवटच्या माणसापर्यंत विनाविलंब पोहोचवावे.

आपली मुले उद्या कधी बांधणाऱ्याच्या, तर कधी मालकाच्या जागी असतील. बांधणाऱ्याच्या जागी असताना न्याय मागणे सोपे असते. मालकाच्या जागी बसल्यावरही तो आठवावा, अशी शिकवण आपण त्यांना घरातून देतो आहोत काय?