बिल्ला आणि हजेरी

वडनेरहून सेवाग्रामच्या दवाखान्यात कोणाला न्यावं लागलं आणि एक्स-रेच्या खोलीबाहेर थांबायची वेळ आली, तर तंत्रज्ञाच्या छातीकडे बघा. तिथे एक छोटा बिल्ला लावलेला असतो. टीएलडी बिल्ला म्हणतात त्याला. आतल्या चकत्या अंगावर आलेला किरणोत्सर्ग साठवून ठेवतात. ठरावीक महिन्यांनी बिल्ला प्रयोगशाळेत जातो आणि आकडा त्या माणसाच्या नावावर चढतो. एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट ही वरची मर्यादा. आकडा वाढू लागला की चौकशी लागते, कामाची पद्धत तपासली जाते. बिल्ला तसा साधाच, पण त्याच्यामागे नियम उभा आहे.

वडनेर-हिंगणघाट हा सगळा पट्टा कापसाचा. दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम भरात आला की बायामाणसं कापसाच्या गंजीत उभी राहून दिवसभर सरकी काढणाऱ्या रेच्यांना कापूस पुरवतात. रुई उडते, तिच्यासोबत वाळल्या पानांचा चुरा आणि माती. नाकावरून घट्ट बांधलेला पदर संध्याकाळी सोडला की त्याच्या आतल्या बाजूलाही मळकट डाग दिसतो, म्हणजे धूळ कापडातून पार झालेली असते. या धुळीने होणाऱ्या छातीच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुरुवातीला सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. वर्षं गेली की रोजच आवळते. कामगार भरपाईच्या कायद्यात हा आजार कामामुळे होणारा म्हणून नोंदलेला आहे. पण धूळ किती आणि किती हंगाम खाल्ली, हे दाखवायचं कशाने? रोजंदारीवरच्या बाईजवळ बहुधा हजेरीचाही कागद नसतो.

म्हणून अंगावर लावायच्या स्वस्त सेन्सरबद्दल ऐकलं की बरं वाटतं. काही हजार रुपयांत खिशाला अडकवता येईल असं धूळ मोजणारं यंत्र आता बनतं. आत प्रकाशाचा झोत असतो, कण त्यातून गेले की प्रकाश विखुरतो आणि त्यावरून यंत्र हिशेब करतं. त्याला कापसाची धूळ आणि रस्त्याची धूळ यातला फरक कळत नाही. हवा दमट असली तर आकडा फुगतो. रुईच्या तंतूंनी त्याचं तोंड बुजू शकतं. तरीही काही नसण्यापेक्षा कच्चा आकडा बरा, असं माझं मत आहे. गंजीजवळ आकडा तिप्पट चढतो एवढं कळलं तरी पंखा कुठे बसवायचा ते ठरवता येतं.

माझी शंका वेगळी आहे. नागपूर महापालिकेने काही वर्षांपूर्वी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. कामगार कुठे आहे, किती वेळ आहे, हे कार्यालयातल्या पडद्यावर दिसू लागलं आणि हजेरी त्याला जोडली गेली. ज्या माणसाच्या नाकातोंडात दिवसभर शहराची घाण जाते, त्याच्या मनगटावरचं यंत्र ती घाण मोजत नव्हतं, तो जागेवर आहे की नाही एवढंच मोजत होतं. उद्या जिनिंगमधल्या बाईच्या खांद्यावर सेन्सर लागला, तर तो धूळ मोजता मोजता ती किती वेळा बसली हेही मोजणार का? आणि जिचा आकडा जास्त, तिला पुढच्या हंगामात बोलावणंच येणार नाही, असं तर होणार नाही?

मोजायचा हुकूम आपल्याकडे जुनाच आहे. कीटकनाशक नियम, 1971 सांगतात की ऑर्गनोफॉस्फरस औषधं हाताळणाऱ्याच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज दर महिन्याला तपासावं. विषारी फवाऱ्याने हे द्रव्य घटत जातं, म्हणजे त्या माणसाचं रक्तच सेन्सरचं काम करतं. वर्धा नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या उंच पऱ्हाटीत फिरणाऱ्या मजुराची महिन्याची तपासणी कोणी करत होतं का? तोवर नियमाला 46 वर्षं झाली होती.

तेव्हा सेन्सर यावेत, जरूर यावेत. पण आकडा आधी त्या बाईला कळावा, मग मालकाच्या पगारावर नसलेल्या डॉक्टरला. आपल्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामसारखं वैद्यकीय महाविद्यालय आहे, कुठे दूर शोधायला नको. मुकादमाच्या मोबाइलवर तो आकडा जाऊ नये. आणि आकडा मर्यादेपलीकडे गेला म्हणून ज्या दिवशी तिला गंजीवरून खाली उतरवलं, त्या दिवसाची रोजी कोणी द्यायची, हे यंत्र विकत घेण्याआधी मालकाने कागदावर लिहून द्यावं. नाहीतर दुपारी चार वाजता ती स्वतःच तो सेन्सर काढून पदराच्या गाठीत बांधून ठेवेल, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला म्हणता येणार नाही.