दुसऱ्या पसंतीचे पाचारण

जून महिना आला की आपल्या मंडळ्यांतून निकालांची उपकारस्तुती होते. यश मिळालेल्या मुलामुलींचे आईवडील दानाचे पाकीट घेऊन पुढे येतात, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. मुलगा वैद्यकीय महाविद्यालयात जाण्यासारखा असेल तर प्रार्थना जरा लांबते. तीत लूक वैद्याचा उल्लेख येतो, १८९४ साली मिरजेस इस्पितळ उघडणाऱ्या डॉ. वानलेस यांचाही येतो. ज्या मुलीला तेवढे गुण पडले नाहीत आणि जी आता मानवी जीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणार, तिच्या घरची माणसे त्या दिवशी मागच्या बाकावर बसतात. त्यांना तेथे कोणी बसविलेले नसते.

आपण प्रोटेस्टंट म्हणवितो. मठात राहणाऱ्यालाच काय ते देवाचे पाचारण असते, हा समज लूथरने खोडून काढला आणि घर झाडणाऱ्या मोलकरणीचे कामही पाचारणच आहे असे शिकविले. आपण मात्र तीच उतरंड पुन्हा रचली आहे. फरक इतकाच की तिच्या माथ्यावर आता साधूऐवजी डॉक्टर बसला आहे.

परंतु एवढे म्हणून प्रश्न सुटत नाही. अमेरिकेत आधी कोणती तरी पदवी पुरी करून मग वैद्यकीय महाविद्यालयात जातात. तेथे मानवी जीवशास्त्राची पदवी ही जिन्याची पायरी असते. आपल्याकडे बारावीनंतर नीटची परीक्षा देऊन थेट एम.बी.बी.एस.ला जातात. त्यामुळे तीच पदवी येथे जिन्यावरून घसरल्यासारखी वाटते. २०२४ साली त्या परीक्षेला २३ लाखांहून अधिक मुले बसली आणि जागा सव्वा लाखही नव्हत्या. म्हणजे ज्यांना दुसरी वाट धरावी लागते तेच बहुसंख्य. त्यांतली पुष्कळ मुले महाविद्यालयात केवळ नाव घालून ठेवतात. शरीर पदवीच्या वर्गात, मन शिकवणीच्या वर्गात, असे एक वर्ष, दोन वर्षे चालते. मला येथे विचारायचा तो प्रश्न हाच: जे आपण मागितले नव्हते, ते मन लावून पुरे करण्यास आपण बांधलेले आहोत काय?

याचे उत्तर “देवाची इच्छा” या दोन शब्दांत देणाऱ्यांचा मला धाक वाटतो. सतरा-अठरा वर्षांच्या लेकराच्या डोळ्यांतले पाणी पुसायच्या आधीच आपण तिच्या तोंडी ‘आमेन’ घालू पाहतो. याकोबाने राहेलीसाठी सात वर्षे चाकरी केली आणि सकाळी पाहतो तो लेआ! तो लाबानावर चिडला, आणि शास्त्रलेख त्याला त्याबद्दल दोष देत नाही. राहेलीसाठी तो आणखी सात वर्षे राबला, तेही शास्त्राने लपविलेले नाही. तेव्हा जिला पुन्हा परीक्षा द्यायची आहे तिने खुशाल द्यावी. मात्र यहूदा जन्मला तो लेआच्या पोटी, आणि त्याच वंशात पुढे दावीद आला.

दुःख करण्यास मोकळीक आहे. अर्धवट कामास नाही. ही मोकळीक का नाही, हे मला एका रक्तगटावरून उमगले.

१९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक निराळेच रक्त आढळले. पुढे जगभर त्याला ‘बॉम्बे रक्तगट’ असे नाव पडले. आपल्या तांबड्या पेशींवर ‘एच’ नावाचा एक पदार्थ असतो. त्याच्यावरच ‘ए’ आणि ‘बी’ यांची उभारणी होते. ‘ओ’ गटाच्या माणसात ती उभारणी नसते, पण ‘एच’ असतो. बॉम्बे गटाच्या माणसात तो पायाच नसतो. नेहमीच्या साध्या चाचणीत त्याचे रक्त हुबेहूब ‘ओ’ दिसते. पण त्याला ‘ओ’ रक्त चढविले तर शरीर ते परके समजून मोडते, आणि प्राणावर बेतते. हे ओळखायचे तर रक्तद्रवाची उलट बाजूने तपासणी करावी लागते, रक्त देण्याआधी दात्याचे आणि रोग्याचे रक्त जुळवून पाहावे लागते. आपल्या देशात दहा हजारांत एखादा माणूस असा निघतो. म्हणजे हे काम करणाऱ्याने हजारो वेळा ती चाचणी कंटाळा न करता करायची, आणि हजारो वेळा विशेष काहीच सापडायचे नाही!

रात्री दोन वाजता रक्तपेढीत हे काम करणारी व्यक्ती बहुधा डॉक्टर नसते. जीवशास्त्रात बी.एस्सी. होऊन, प्रयोगशाळा तंत्राची पदविका घेतलेली एखादी मुलगी असते. खाली पडलेल्या रोग्याला तिचे नाव कळत नाही. ती येथे पहिल्या पसंतीने आली की दुसऱ्या, हेही त्याला ठाऊक नसते, आणि त्याला त्याचे देणेघेणेही नसते. त्या पेशी गुठळ्या का करतात हे तिने दुसऱ्या वर्षी नीट समजून घेतले होते की उत्तीर्ण होण्यापुरते पाठ केले होते, एवढ्यावरच त्याचे जीवन लटकलेले असते. म्हणून मी म्हणतो, अभ्यासाचे कर्तव्य आपल्या आवडीतून जन्मत नाही. ते त्या न पाहिलेल्या शेजाऱ्याकडून येते.

एक गोष्ट जाता जाता सांगितली पाहिजे. या पदवीने रोग्यावर उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. गल्लीतले लोक कौतुकाने “डॉक्टरीणबाई” म्हणू लागतात, औषध विचारतात, आणि गप्प राहणे गोड वाटते. तेथे नाही म्हणायला धैर्य लागते. आणि सहाय्यक आरोग्यव्यवसायांसाठी २०२१ साली देशाने स्वतंत्र कायदा केला. मंडळीच्या प्रार्थनेत त्यांचे नाव अजून यायचे आहे.

आमच्या मंडळीत अशीच एक मुलगी आहे. गेल्या वर्षी दोनदा रडली, आता दुसऱ्या वर्षाला आहे, आणि शब्बाथ शाळेत लहान वर्ग घेते. पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेला शरीराच्या अवयवांचा धडा परवा तिच्या वाट्यास आला होता. मी दाराशी उभा होतो. हात, पाय, डोळा, कान झाल्यावर ती मुलांना म्हणाली, “आता न दिसणारे सांगते.” हाडांच्या आतला मगज दर सेकंदाला वीस लाखांवर तांबड्या पेशी घडवितो, त्या सुमारे एकशेवीस दिवस राबतात, आणि म्हाताऱ्या झाल्या की त्यांतल्या पुष्कळांना प्लीहा आपल्यात घेते, असे तिने सांगितले. फळ्यावर चित्रही काढले. ते फारसे बरे नव्हते.

“ताई, प्लीहा कुठे असते?” एका पोराने विचारले.

“डावीकडे, बरगड्यांच्या खाली.”

वर्गातली सगळी मुले हाताने आपापली डावी कूस चाचपू लागली. वर्ग सुटल्यावर मी तिला विचारले, “बाळ, पुढल्या रविवारी तुझ्यासाठी काय मागू?”

ती म्हणाली, “काका, गुरुवारी प्रात्यक्षिक आहे. सूक्ष्मदर्शकाखाली माझा हात थरथरतो. तेवढे मागा.”